कॅप्टन 'माझा!' म्हणाला

सकाळी साडेदहाच्या सुमारास निवृत्त न्यायाधीशबाईंचं पुस्तकांचं कपाट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकलं. कपाटाखाली भिंत होता.

होता. होती नव्हे! भिंत हा माणूस आहे.

बारा वर्षं तो व्यावसायिक फुटबॉल खेळला, तेही गोलकीपर म्हणून. समोरून येणारं काहीही तो अडवायचा, म्हणून पेपरवाल्यांनी त्याला 'भिंत' म्हणायला सुरुवात केली. पुढे आईसुद्धा म्हणू लागली. गुडघ्याने राजीनामा दिल्यावर त्याने घरसामान हलवण्याची कंपनी काढली. कंपनीचं नाव 'क्लीन शीट'! फुटबॉलमध्ये एकही गोल न खाता सामना संपला, की गोलकीपरच्या नावावर क्लीन शीट लागते. त्याच चालीवर, एकही कप न फुटता घर हललं की क्लीन शीट!

"लोकांना चादर वाटेल," बायको म्हणाली होती.

"ज्याला फुटबॉल कळतो त्याला कळेल!"

टेम्पो रंगवणाऱ्या पेंटरला फुटबॉल कळत नव्हता. त्याने मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं, खाली भिंतीचा मोबाईल नंबर टाकला आणि उरलेल्या जागेत दोरीवर वाळत घातलेली एक पांढरीशुभ्र चादर काढली. चादर इतकी सुरेख उतरली होती, की पुसायला कोणाचा हात धजावेना. तेव्हापासून भिंतीचा फोन वाजायचा थांबला नव्हता. "इस्त्री वेगळी का हो?" "रक्ताचे डाग जातात का?" "आमच्या दारावरून जाता, तर गाठोडं घेऊन जा की!" सामान हलवण्यासाठी आलेले फोन मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते, आणि तरी बोटं उरली असती.

त्यामुळे न्यायाधीशबाईंचं काम म्हणजे अंतिम सामनाच होता. न्यायालयाची जुनी कचेरी नव्या इमारतीत हलणार होती आणि ते काम कोणाला द्यायचं, हे बाईंना विचारून ठरणार होतं. बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "आधी माझं घर हलवून दाखवा. मग बोलू."

बायकोनेही स्वच्छ सांगितलं होतं, "हे काम नीट झालं तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही झालं, तर सोमवारपासून तुम्ही माझ्या भावाच्या दुकानात."

मेहुण्याचं टाइल्सचं दुकान होतं. भावोजींना टाइल्सच्या भिंतीसमोर उभं करायचं, खाली 'भिंत हलेल, टाइल हलणार नाही!' असं लिहायचं आणि तो फोटो चौकात लावायचा, असं त्याच्या मनात गेलं वर्षभर होतं. भिंत त्याला घरच्या जेवणातही टाळत असे.

कामाच्या सकाळी भिंतीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. पेनल्टीच्या आधी गोलरेषेवर नाचावं तसा तो न्यायाधीशबाईंच्या दिवाणखान्यात या पायावरून त्या पायावर नाचत होता. "बाई, तुमच्या चमच्यालासुद्धा ओरखडा जाणार नाही! लिहून घ्या!"

"मी सहसा दुसऱ्यांकडून लिहून घेते," बाई म्हणाल्या.

मदतीला जुन्या संघातले दोघे बचावपटू होते. खिळा, उंच आणि इतका बारीक, की बाजूने बघितलं तर दिसत नसे. आणि बुलडोझर, जो कुठूनही बघितला तरी दिसत असे. तिघे दहा वर्षं एकत्र खेळले होते, आणि भिंत त्यांचा कॅप्टन होता. तिघांच्याही मोबाईलवर अजून जुन्या क्लबचाच बँड वाजत असे.

खोकी गेली, पलंग गेला, काचेची भांडी गेली. काही फुटलं नाही. राहिलं ते कपाट. बाईंच्या वडिलांची कायद्याची पुस्तकं ज्यात होती ते, काचेच्या दारांचं, जड लाकडाचं, नक्षीदार पायांचं. पुस्तकं काढल्यावरही ते पुस्तकांइतकंच जड राहिलं.

भिंत खालच्या बाजूला, पाठमोरा उतरत. खिळा आणि बुलडोझर वरच्या बाजूला. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. तेवढ्यात जिन्यात क्लबचा बँड वाजू लागला.

आता तीन मोबाईल, तिघांना एकच सूर. खिळ्याची मान खिशाकडे वळली. बुलडोझरचा एक हात कपाटावरून सुटून खिशाकडे निघाला. भिंतीच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं चित्र उभं राहिलं: हे दोघे खिसे चाचपणार आणि कपाट सुटणार! ते टाळण्यासाठी, दोघांनी जागचं हलू नये म्हणून, फोन माझा आहे, तुमचा नाही, एवढंच सांगण्यासाठी तो फुप्फुसं फुटेस्तोवर ओरडला,

"माझा!"

इथे थोडं थांबावं लागेल. गोलकीपर गोल सोडून उंच चेंडूवर झेपावतो, तेव्हा आपल्याच खेळाडूंनी मध्ये येऊ नये म्हणून ओरडतो: 'माझा!' ते ऐकलं की बचावपटूने विचार करायचा नसतो. जे हातापायाशी असेल ते सोडायचं आणि कीपरच्या मागे धावत जाऊन रिकामा गोल सांभाळायचा. एकदा बुलडोझर बाजूला झाला नव्हता. त्याचे पुढचे दोन दात अजूनही त्या मैदानातच कुठेतरी आहेत. त्यानंतर भिंतीने पूर्ण दोन मोसम या दोघांना हा एकच धडा दिला. जेवताना, बसमध्ये, झोपेतून उठवून!

दोघांनी कपाट सोडलं.

नुसतं सोडलं नाही. खिळा कठड्यावरून उडी मारून खालच्या जिन्यावर गेला आणि भिंतीच्या मागे हात पसरून उभा राहिला. गोलरेषा सांभाळायला! बुलडोझरला उडी जमण्यासारखी नव्हती. तो वरच जिन्याच्या भिंतीला पाठ लावून दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. चेंडू हाताला लागला, असं कोणी म्हणायला नको!

कपाट घसरत निघालं. आणि भिंतीने कारकिर्दीतला सर्वांत मोठा बचाव केला. छाती पुढे काढून, हात फाकवून त्याने ते अंगावर घेतलं. वळणावरच्या भिंतीवर त्याची पाठ आदळली, कपाटाचा एक पाय कठड्याच्या गजांत घुसला आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

काच शाबूत. लाकूड शाबूत. फक्त भिंतीच्या डोक्यामागची एक टाइल 'टक्' असं म्हणाली.

"शाब्बास कॅप्टन!" खालून खिळा ओरडला.

"शाब्बास काय! उचल!"

उचलता येईना. वर ओढलं तर गजात अडकलेला नक्षीदार पाय मोडणार. खाली ओढलं तर भिंत चेपणार. उभ्या आयुष्यात दोन मिनिटं स्वस्थ न बसलेला हा माणूस आता कपाट आणि जिन्याची भिंत यांच्यामध्ये पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटला होता. हलवायला त्याच्याकडे फक्त भुवया शिल्लक होत्या.

वरच्या कठड्याशी न्यायाधीशबाई आल्या. त्या चिडल्या की त्यांचा आवाज खाली जात असे. आता तो जेमतेम ऐकू येत होता.

"कपाट का थांबलंय?"

"विश्रांती, बाई!" भिंत कपाटामागून म्हणाला.

"ते कोणी सोडलं?"

बुलडोझरने मागे बांधलेले हात आणखी मागे नेले. "कॅप्टनने सांगितलं म्हणून."

"काय सांगितलं?"

"माझा."

"माझा काय?"

"बॉल."

बाईंनी जिन्याकडे वरून खालपर्यंत नजर टाकली. "बॉल कुठे आहे?"

"बॉल नाहीये."

"मग माझा काय?"

"फोन, बाई!" खालून कपाट बोललं. "मी फोनबद्दल म्हणत होतो!"

"यांना ते बॉलबद्दल वाटलं?"

"नाही हो," बुलडोझर म्हणाला, "आम्हाला ते कपाटाबद्दल वाटलं."

"कपाट असतं तर हे 'माझं' म्हणाले असते. ते कपाट. माझा म्हटल्यावर तुम्ही कपाट सोडायचं काही कारणच नव्हतं."

बुलडोझर विचारात पडला. त्याला एवढा विचार करताना कोणी पाहिलं नव्हतं. "मॅचमध्ये व्याकरण बघत बसलो असतो, तर आणखी दोन दात गेले असते," तो शेवटी म्हणाला.

तेवढ्यात बँड पुन्हा वाजला. भिंतीच्या शर्टच्या खिशात, कपाटाच्या अगदी लगत. या वेळी भिंतीने ओठ घट्ट मिटून घेतले. वाजून वाजून तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दुपारी बायको तिघांचे डबे घेऊन जिना चढू लागली. आधी तिला हात पसरलेला खिळा दिसला.

"तुम्ही इथे काय करताय?"

"गोल सांभाळतोय, वहिनी."

मग तिला कपाट दिसलं. मग कपाटाच्या बाजूने बाहेर आलेला ओळखीचा कान.

"अहो?"

"क्लीन शीट आहे!" कान म्हणाला. "काहीही फुटलेलं नाही!"

"आणि बाहेर कधी येणार?"

"चर्चा चालू आहे."

बँड पुन्हा सुरू झाला. बायकोने फटीतून हात घालून फोन ओढून काढला. बोलणारी बाई एका अतिथिगृहाची मालकीण होती. सकाळपासून तीच फोन करत होती. पाहुणे आले होते, चादरींचा ढीग पडला होता आणि टेम्पोवरची ती पांढरीशुभ्र चादर काही तिच्या नजरेसमोरून जात नव्हती.

बायकोने एकदा नवऱ्याच्या कानाकडे पाहिलं. एकदा कपाटाकडे. मग ती शांतपणे म्हणाली, "हो, धुतो ना. सगळ्या पाठवा. शनिवारी मिळतील."

"अगं!" भिंत किंचाळला. "कोण धुणार?"

"कंपनीचं नाव कोणी ठेवलं?"

वरून न्यायाधीशबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी काहीतरी मनात नोंदवून ठेवल्यासारखी मान हलवली.

बायकोने दुसरा फोन भावाला केला. मेहुणा दुकानातले दोन तगडे हमाल घेऊन धावत आला आणि वळणावर पोहोचताच हरखून उभा राहिला. मागे टाइल्स, पुढे कपाट, मध्ये भिंत आणि पळायला जागा नाही!

"भावोजी, हलू नका!"

"मी हलू शकत असतो तर—"

मेहुण्याने फोटो काढला. एक उभा, एक आडवा, एक जवळून. तिसरा फोटो काढताना त्याचा चेहरा पडला. भावोजींच्या डोक्यामागच्या टाइलला आरपार तडा गेला होता. टाइलचा कोपरा नखाने खरवडून मेहुणा बघत राहिला.

"आपली आहे?" बायकोने विचारलं.

"छे! आपली अशी फुटत नाही!" असं म्हणून त्याने खिशातल्या रुमालाने टाइलच्या खालच्या कडेवरचा दुकानाचा छोटा शिक्का झाकला.

हमालांनी टाइल्सचे खोके आणले आणि कपाटाखाली एकावर एक रचले. कपाटाचा भार हळूहळू खोक्यांवर गेला आणि भिंत आडवा होऊन फटीतून बाहेर सरकला. त्याच्या जागी आता टाइल्स उभ्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या जास्त आरामात उभ्या होत्या. मेहुण्याने त्यांचाही फोटो काढला.

सुतार येऊन गेला. त्याच्या मते एकतर कपाटाचा पाय कापावा लागेल, नाहीतर कठड्याचा गज. पाय कापू देणार नाही, असं बाई म्हणाल्या. गज इमारतीच्या मालकीचा, म्हणून सोसायटीच्या चिटणीसांची परवानगी हवी होती. चिटणीस तळमजल्यावर होते आणि परवानगी देण्याआधी जागा बघायला वर जायचं म्हणत होते. वर जायला कपाट आडवं होतं.

भिंत मोकळा झाला, पण त्याला चैन पडेना. तो चार पायऱ्या चढायचा, कपाटाला थोपटायचा, चार पायऱ्या उतरायचा. शेवटी त्याने वर पाहून विचारलं, "बाई, एकही वस्तू फुटलेली नाही. कचेरीच्या कामाचं तेवढं..."

"निकाल राखून ठेवलाय," बाई म्हणाल्या आणि शेजाऱ्यांकडून खुर्ची मागवून, मोबाईल हातात घेऊन कठड्याशीच बसल्या.

"सोमवार," खालून बायको नुसतंच म्हणाली. मेहुणा फोटो चाळत होता.

तेवढ्यात जिन्यात बँड वाजला. खिळ्याने खिसा चाचपला. बुलडोझरने हात मागे बांधले. भिंतीने बायकोकडून परत मिळालेला फोन खिशातून काढून कानाला लावला.

फोन न्यायालयाच्या कचेरीतून होता! भिंतीची छाती सकाळी कपाट झेलताना फुगली होती त्याहून जास्त फुगली. त्याने फोन हाताने झाकला आणि वर-खाली दोन्हीकडे जाहीर केलं, "कचेरी! आपलं नाव बाईंनी सुचवलंय!"

मग फोनवरचा हात काढला. "बोला साहेब! सगळं हलवू! एक टाचणीसुद्धा पडणार नाही!"

"नाही हो, सामानाचं अजून ठरलेलं नाही," पलीकडचे कारकून म्हणाले. "मॅडमनी सांगितलं, तुम्ही फार मनापासून चादरी धुता. आमच्या कचेरीचे पडदे घ्याल का?"

भिंतीने वर पाहिलं. न्यायाधीशबाई कठड्यावरून वाकून त्याच्याकडेच पाहत होत्या. त्याने खाली पाहिलं. बायको डब्यांची पिशवी हातात धरून उभी होती आणि तिच्या खांद्यावरून मेहुणा डोकावत होता.

"हॅलो?" कारकून म्हणाले. "हे काम तुमचंच ना?"

शेवटचं कळलं तेव्हा कपाट तिथेच होतं, फोन चालू होता आणि भिंतीने तोंड उघडलेलं होतं.