एकीला झाकावी, दुसरीला काढावी

"माझ्या कळपात खोट निघाली, तर ही मिशी कातरून टाकीन!" म्हाताऱ्याने फोनवर मेंढ्यांच्या डॉक्टरीणबाईंना छातीठोक सांगितलं. मिशी म्हणजे काय, दोन कोकरं पाठीला पाठ लावून झोपावीत तशी!

टेकडीमागचं कुरण दगडाच्या खाणीला द्यायचं घाटत होतं. बाई म्हणाल्या होत्या, "आजोबा, ही इथली जुनी जात, दुसरीकडे कुठे उरली नाही. रक्त तपासू. जात तगण्यासारखी निघाली, तर कुरण तिच्यासाठी राखून ठेवता येईल."

तपासणी म्हणजे परीक्षा! आणि परीक्षेला गबाळं पोर कोण बसवतो?

म्हातारा कळपात शिरला. कुठे ठिपकेवाली, कुठे वाकड्या शिंगाची, कुठे लांबकानी, एक तर चक्क तांबडी! "ही खोगीरभरती आधी घालवतो!"

"अहो, ती तांबडी दुष्काळात तगली," म्हातारी म्हणाली. "वाकड्या शिंगाचीला कधी खोकला शिवला नाही."

"तगली, पण दिसते कशी? तुझ्या माहेरच्यांसारखी!"

म्हातारी गप्प बसली. ही गप्प बसली की धोका असतो, हे एवढ्या वर्षांत त्याला कळायला हवं होतं.

अशा बारा निघाल्या, बाराच्या बारा खाटकाकडे गेल्या. उरल्या पन्नास. सगळ्या काळ्याभोर, सगळ्या त्याच्या लाडक्या एडक्याच्या लेकी नाहीतर नाती. एकीला झाकावी, दुसरीला काढावी!

बाईंनी येऊन रक्ताच्या नळ्या भरल्या. "एवढ्याच का हो?"

"निवडून ठेवल्यात!" म्हाताऱ्याने मिशीला पीळ दिला.

तीन आठवड्यांनी बाई फोन न करता स्वतःच आल्या. "आजोबा, सगळ्यांचं रक्त एकच निघालं. एक रोग आला की सगळ्या एकदम जातील. अशा कळपासाठी कुरण कोण राखणार? तुमच्या कळपाच्या मागच्या वर्षीच्या फोटोत तांबडी होती, ठिपकेवाली होती. त्यांना बघूनच तर मी आले! या जातीचं निरनिराळं रक्त त्यांच्यातच असणार. कुठे आहेत त्या?"

म्हातारा काठी टाकून धावत सुटला.

खाटीक दुकान धूत होता. "तांबडी? तिचं कातडं आहे वाळत घातलेलं. देऊ?"

कातडं खांद्यावर टाकून म्हातारा परत आला, तेव्हा बाई निघून गेल्या होत्या. टेकडीमागे खाणवाले खुंट्या ठोकत होते. ठण, ठण, ठण! म्हातारी दारात बसली होती, हातात लोकर कातरायची कातर.

"बसा," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तो कळपाकडे गेला. उघड्या ओठाचा हा परका कोण? पन्नासच्या पन्नास मेंढ्या एकदम बिचकल्या, एकदम वळल्या आणि एकाच कोपऱ्यात जाऊन थरथरत उभ्या राहिल्या. त्यांतली एखादी तरी वेगळी वागेल म्हणून म्हातारा बराच वेळ बघत उभा होता.