तिसरी गौर

झाशीतल्या दतिया गेटच्या सरलाकाकूंच्या कपाळावर दोन आठ्या होत्या, आणि त्या काकूंच्या आधी बोलायच्या. काकू खुशीत असल्या तरी समोरच्याला वाटायचं, आता झाडतात. लेकीचं, मधूचं, एक स्थळ त्यावरूनच मोडलं. "मुलगी गोड आहे हो, पण आई बघितली का?" असं तिकडचे म्हणाले म्हणे. आता बबिना छावणीतल्या फौजी घरचं दुसरं स्थळ गौरींच्या हळदीकुंकवाला येणार होतं. हेही आपल्या कपाळामुळे गेलं तर? काकू आठ्या घालवायचं इंजेक्शन घ्यायला गुपचूप चमडीच्या डॉक्टरणीकडे जाऊन बसल्या.

"सुई दुखेगी?"

"चींटी काटे, बस उतना."

"असर कब दिखेगा?"

"हफ्ते-दस दिन में पूरा. तीन-चार महीने चलेगा, फिर लकीरें वापस. आज चार घंटे लेटना नहीं, माथा मलना नहीं."

"और कुंकू?"

"कल लगाइए. आंटीजी, माथे में थोड़ी हरकत छोड़ दूँ? ज़रा हिलेगा तो नैचुरल लगेगा."

"बिलकुल नहीं! एकदम बंद कर दो."

बंद म्हणजे बंदच झालं. आठवड्याने घरात भुताटकी सुरू. मार्तंडकाकांनी दूध उतू घालवलं, काकू कडाडल्या, पण कपाळ कसं, रात्रीच्या तळ्यासारखं. आवाज काकूंचा, पण तो त्यांच्या मागे उभं राहून दुसरंच कुणी काढतंय असं वाटे. काका दूध पुसत पुसत मागच्या मागे सरकले. मांजराने स्वयंपाकघर सोडलं. कामवाली अंबिका दारातूनच हात जोडू लागली. "डाँटत तो भाभीजी हैं," ती शेजारी सांगून आली, "पै देखत कोऊ और है."

गौरींचा दिवस उजाडला. दिवेलागणीला काकू शालू नेसून, नथ घालून मखरापाशी आल्या, तर थोरल्या गौरीचा पदर सुटलेला. आत शिरून त्या पाटावर टेकल्या, टाचण्या ओठांत धरल्या, आणि लाइट गेली. राहिल्या दोन समया. ज्योत हलली की तिन्ही चेहरे हलल्यासारखे वाटत. ज्योत थांबली की तिन्ही थांबत.

तेवढ्यात मुलाची आई, अनुसयाबाई, एकट्याच आत आल्या. मुलगा रामकृष्ण बाहेर काकांशी बोलत होता.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या, "झाशीकडे तीन बसवतात वाटतं!"

काकू बोलणार कशा? तोंडात टाचण्या. अनुसयाबाईंनी थोरलीला कुंकू लावलं, धाकटीला लावलं, मग तिसरीच्या कपाळाला बोट टेकवलं, आणि ते तिथेच राहिलं.

"गरम आहे..."

मागे देवघरातली घंटी वाऱ्याने किणकिणली. अनुसयाबाई धाडकन गुडघ्यांवर.

"माय, तू जागृत आहेस! मग ऐक. माझ्या रामकृष्णाच्या डोक्यावर केसांचा टोप आहे गं. खाली सगळं सपाट. अक्षता पडेपर्यंत यांना कळू देऊ नकोस. मुलीच्या त्या खडूस आईला तर मुळीच नको. तुला पैठणी नेसवीन!"

काकू टाचण्या गिळता गिळता वाचल्या. आतून नुसता वणवा पेटला. कपाळ ढिम्म. फक्त डोळे एकदा मिटले आणि उघडले.

अनुसयाबाईंच्या हातातला करंडा घरंगळत गेला. आणि लाइट आली.

"विहीणबाई... तुम्ही?"

काकूंनी टाचण्या तळहातावर काढल्या. "पदर नीट करत होते."

"काही... ऐकलंत?"

"छे हो!"

अनुसयाबाईंनी काकूंचं कपाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. एक सुरकुती सापडेल तर शपथ. सुस्कारा सोडून त्या खुर्चीत बसल्या.

काकूंनी मधूला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, त्या पोराला टोप आहे, टोप!"

"माहीत आहे."

"तुला?"

"मीच फोनवर सांगून घालायला लावला. तो बिचारा तसाच येत होता. मी म्हटलं, आईने पहिल्याच भेटीत टक्कल बघितलं तर तिच्या आठ्या बघून तूच पळशील."

जन्मात आला नव्हता एवढा राग काकूंना आला. लेकीवर, टोपावर, डॉक्टरणीवर. तेवढ्यात दारातून काकांनी डोकावलं. "सरला, ते लोक विचारतायत. काय सांगू?"

काकूंनी आपली सगळ्यात जहाल नजर त्यांच्यावर रोखली.

"वा!" काका खुलले. "किती प्रसन्न दिसतेस गं आज!" आणि बाहेर जाऊन त्यांनी पेढ्यांचा डबा उघडला.