रेवाळेभाऊंचा रविवारचा पंचनामा

रेवाळेभाऊंकडे चहाला जायचं तर खिशात पेन ठेवून जावं लागतं. चहा संपला की ते कसल्या ना कसल्या कागदावर पंच म्हणून तुमची सही घेतातच. मांजराने दूध सांडलं, पंचनामा. फणस पडला तो हद्दीच्या दगडी गडग्याच्या अलीकडे पडला की पलीकडे, पंचनामा. माझं पालीच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर मी कागदच बघतो, पण इतके निरुपयोगी आणि इतके अचूक कागद मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

भाऊंचं आयुष्य मोजणी खात्यात गेलं. हद्दीचा दगड वीतभर सरकवावा म्हणून एकदा कोणी त्यांच्या ओटीवर हापूसच्या दोन पेट्या आणून ठेवल्या. भाऊंनी पेट्यांचा पंचनामा केला, आंबे मोजले आणि ज्याचे त्याला परत पाठवले. ‘हद्द पाळा’ हे त्यांचं लाडकं वाक्य. नातेवाइकांशी त्यांचं फारसं का जमलं नाही, ते यावरून समजावं. वहिनी गेल्यापासून ते एकटेच असतात.

अशा माणसाला अडुसष्टाव्या वर्षी डिस्क गोल्फचं वेड लागलं. त्यांची मुलगी मेधा कॅनडात असते. डॉक्टरांनी भाऊंना चालायला सांगितलं आणि भाऊंनी ऐकलं नाही, तेव्हा तिने पाच-सहा प्लास्टिकच्या चकत्या पाठवल्या. झाडाझाडांतून चकती फेकायची, लांबच्या टोपलीत टाकायची. कमीत कमी फेकींत नऊ टोपल्या संपवेल तो जिंकला. ती तिथल्या रानात शनिवारी खेळते आणि आकडा कळवते. भाऊ इथे रविवारी सकाळी खेळतात. चार वर्षं ‘पुढच्या वर्षी नक्की येते’ म्हणणाऱ्या मेधाने एकदा फोनवर सांगून टाकलं, “बाबा, ज्या रविवारी तुम्ही मला हरवाल, त्याच आठवड्यात मी तिकीट काढते.” ती हसत बोलली असणार. भाऊंनी ते लिहून घेतलं.

घरामागे त्यांचं पाच एकरांचं उतरतं रान आहे. ऐन, किंजळ, रायवळ आंबे, खाली करवंदीच्या जाळ्या आणि मध्येमध्ये पायाला टोचणारा कातळ. भाऊंनी सायकलच्या रिंगांना गुरांच्या साखळ्या लटकवल्या, खाली आंब्याचे क्रेट बांधले आणि जागोजाग नंबर घातलेल्या लाल खुंट्या ठोकल्या. तिसऱ्या दिवशी शेजारचा गणपत अख्खी वाडी घेऊन हजर. प्रत्येकाच्या हातात सातबारा.

“रस्ता जातोय ना हितून? आमी एक गुंठा देनार नाय,” गणपत म्हणाला.

“रस्ता नाय रे. खेळ आहे,” भाऊ म्हणाले.

“मोजणीवाला खुंट्या ठोकतोय आनि सांगतोय खेळ आहे?”

शेवटी भाऊंनी चकती टाकून दाखवली. ती फणसाच्या खोडावर आपटून गणपतच्या पायाशी आली, तेव्हा कुठे वाडीची खात्री पटली. त्या सगळ्या सातबाऱ्यांच्या प्रती माझ्याच दुकानातून गेल्या होत्या, पण ते मी बोललो नाही.

सात नंबरची टोपली हा खरा छळ. दोन किंजळींच्या मधल्या दीड हाताच्या फटीतून चकती न्यायची, पुढे आंब्याची आडवी फांदी, तिच्याखालून वळवायची. चूक झाली की थेट करवंदीत. मग अंगाला ओरखडे घेत आत शिरायचं आणि तिथूनच फेकायचं.

“भाऊ, ती फांदी छाटा ना,” मी दर रविवारी सांगायचो.

“झाडाने हद्द सोडलेली नाय. चकतीने सोडली.”

दोन वर्षं हा माणूस रोज उजाडताना सात नंबरवर जाऊन पन्नास फेकी टाकत होता. खांद्याला शेक घेऊन, हाताला फडकं बांधून. दर रविवारी हरायचा, मी पंच म्हणून सही करायचो, आणि मेधाला कागदाचा फोटो जायचा. मला या प्रकाराचा कंटाळा यायचा हे कबूल करतो. रविवारी दुकान बंद असलं म्हणून काय झालं?

मागच्या रविवारी मेधाचा निरोप आला. भाऊंनी तो मोठ्या आवाजात लावला. “बाबा, माझे एकतीस. आणि ऐका, हवी होती ती नोकरी मिळाली. सोमवारी रुजू होतेय. वर्षभर सुट्टी मिळणार नाही. पण शब्द म्हणजे शब्द. तुम्ही जिंकलात तर काय वाटेल ते होवो, मी येते.”

भाऊंनी तो पुन्हा एकदा ऐकला. फोन खिशात घातला आणि म्हणाले, “चल.”

त्या दिवशीसारखे ते आधी कधीच खेळले नव्हते. पहिल्या सहा टोपल्या बिनबोभाट झाल्या. सात नंबरला चकती फटीतून गेली, फांदीखालून वळली आणि क्रेटपासून दोन पावलांवर पडली. नववीची शेवटची फेक आठ पावलांवरून होती. ती साखळ्यांवर खणकन वाजून आत पडली. तीस. मी गणपतला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडलो.

भाऊ गडग्यावर बसले, कागद काढला आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं : एकूण फेकी तेहतीस.

“भाऊ, तीस झाल्या.”

“सही कर.”

“दोन वर्षं मरमर केलीत ती कशासाठी? आणि मग खेळलात तरी कशाला एवढे?”

“खेळात चोरी कशी करणार?” ते म्हणाले. “पोरीला आता कुठे हवं ते मिळालंय. ती हट्टी आहे, तीस कळले तर नोकरी सोडून येईल ती.”

मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. मी सही केली. भाऊंनी फोटो पाठवला. थोड्या वेळाने मेधाचं उत्तर आलं, ‘अरेरे बाबा, थोडक्यात गेलं.’ त्यांनी एका बोटाने टाइप केलं, ‘सात नंबरला करवंदीत गेली.’

मग चकत्या पिशवीत भरल्या आणि आम्ही घराकडे निघालो. अर्ध्या वाटेत ते थांबले. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “तू मोजत होतास ना रे? तीसच झाल्या ना?”

“तीसच, भाऊ.”

“हं,” म्हणाले आणि चालू लागले.