पहिल्या धारेचा नमुना

डोआन गुरुजींनी तांब्याची भट्टी स्वतःच्या हातानं बनवायचं ठरवलं, तेव्हा दोंग वी गावात कुणालाही त्यात बेकायदा काही दिसलं नाही. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढं प्रत्येकाला दिसलं.

कारण घरगुती होतं. गेल्या साली वडिलांच्या श्राद्धाला गुरुजींचा थोरला भाऊ हनोईहून आला आणि त्यानं फोटोपुढं परदेशी बाटली ठेवली. म्हातारा जन्मभर शेजाऱ्याच्या हंड्यावर भाताची दारू गाळून प्यायला. त्या बाटलीचं बूच त्याला जिवंतपणी उघडलं नसतं, मेल्यावर काय उघडणार?

"मामंजींचा चेहरा बघा," गुरुजींच्या बायको, न्हाम काकू, त्यांना म्हणाल्या, "स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे बसलेत."

गुरुजींना ते लागलं. उदबत्ती लावून त्यांनी वडिलांना सांगून टाकलं, पुढच्या श्राद्धाला तुमच्या पेल्यात घरच्या भट्टीची असेल, नाहीतर पेला रिकामा राहील. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आमच्याकडं मागं घेता येत नाही. परत द्यायला समोर कुणी नसतं ना.

गुरुजींनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. त्यांनी भट्टीचा नकाशा काढला, प्रमाण घातलं, उत्तर दिशासुद्धा दाखवली. मग अंगणात बसून नऊ दिवस तांब्याचा पत्रा ठोकला. दहाव्या दिवशी जे तयार झालं ते काकूंच्या मते अंड्यावर बसलेलं बदक होतं. झाकण फक्त पूर्वेचा वारा असला तरच बसायचं. पाणी घालून बघितलं तर ते नळी सोडून बाकी सगळीकडून आलं.

शेवटी बदक काखोटीला मारून गुरुजी क्वी तांबटाकडं गेले.

"कुणी ठोकलंय हे?" म्हाताऱ्या क्वीनं विचारलं.

"मी."

"राग कुणावर होता?"

चार दिवसांत क्वीनं सगळं सरळ केलं, सांधे डागले, नळीला वेटोळं दिलं. देताना म्हणाला, "एकच ऐका, गुरुजी. तांबं नवं आहे. पहिल्या गाळपात त्यातली सगळी घाण उतरते. हिरवा गंज, काजळी, डागाचा मसाला. ती ओतून द्यायची."

"थोडी?"

"पहिलं गाळप सगळं. गटारात. डुकराला पण नाही पाजायचं, बिचाऱ्यानं काय केलंय?"

आता माझा दोष. गावाचा भोंगा माझ्या ताब्यात आहे. पहाटे पाच वाजता मी सगळ्या गावाला उठवून हवामान, खत आणि लसीकरण ऐकवतो. त्या दिवशी वाचायला काहीच नव्हतं. मी म्हटलं, "डोआन गुरुजींच्या घरी तांब्याची भट्टी आली, समस्त गावातर्फे अभिनंदन." लोकांनी जाऊन बदक बघावं, थोडं हसावं, एवढाच शुद्ध हेतू. लोक गेले. पण त्यांच्या आधी कचेरीचं पत्र गेलं: भट्टीचा परवाना काढा.

कचेरीत लिएन बसते. एके काळी गुरुजींच्याच वर्गात बसायची. तिनं चौदा रकान्यांचा फॉर्म काढला.

"यंत्राची शक्ती किती, गुरुजी? अश्वशक्तीत सांगा."

"पोरी, यंत्र नाही ते. हंडा आहे."

"रकाना कोरा ठेवायचा नाही. तुम्हीच शिकवलंत."

"अगं, पण शक्ती आहेच कुठं त्याला?"

"मग जाळ कोण घालतं?"

"आमची ही. भुसा सारते, फुंकते."

लिएननं स्वच्छ अक्षरात लिहिलं: शक्तीचा स्रोत, पत्नी, एक नग. मग मान वर केली. "काकूंचं यंत्रचालक प्रशिक्षण झालंय?"

काकूंना दोन दिवस जिल्ह्याला जावं लागलं. एकतीस वर्षं त्या चूल फुंकत होत्या ती बिनापरवाना, असं तिथं निष्पन्न झालं. प्रमाणपत्र घेऊन परत आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, आता मी कायद्यानं फुंकते. आधी आपली उगाच फुंकायचे. आणि तुमचा तो भोंगा एक दिवस चुलीत घालीन, तेही कायद्यानं."

पाठोपाठ दोन अग्निशामक नळकांडी आली, दोन्ही भट्टीपेक्षा उंच. स्वयंपाकघराच्या दारावर "बाहेर पडण्याचा मार्ग" अशी पाटी लागली. स्वयंपाकघराला दार एकच होतं, म्हणून तीच पाटी उलट्या बाजूनं "आत येण्याचा मार्ग" अशी दुसऱ्यांदा मंजूर करून घ्यावी लागली.

एवढं झाल्यावर खरी अडचण कळली. परवान्यासाठी दारूचा नमुना जोडणं आवश्यक. नमुन्यासाठी भट्टी पेटवणं आवश्यक. परवान्याशिवाय पेटवली तर भट्टी जप्त. श्राद्धाला बारा दिवस उरलेले. गुरुजी फोटोकडं बघायचं टाळायला लागले, जेवताना पाटसुद्धा फिरवून बसायचे.

मला जरा लाज वाटली. मी कचेरीच्या उपाध्यक्षांकडं, थांग साहेबांकडं गेलो आणि तोडगा सुचवला: तपासणी पथकासमक्ष चाचणी गाळप. साहेबांनी डायरी उघडली. पथकात पाच जण. पाचही जण मोकळे असलेला दिवस महिन्यात एकच निघाला, गुरुजींच्या वडिलांच्या श्राद्धाचा. कारण त्या दिवशी पाचही जणांना गुरुजींकडंच जेवण होतं.

श्राद्धाच्या सकाळी अंगणात चटया पडल्या. उकडलेली कोंबडी, चिकट भात, सारण भरून तळलेल्या गुंडाळ्या फोटोपुढं मांडल्या. थोरला भाऊ यंदाही परदेशी बाटली घेऊन हजर. फोटोपुढचा पेला रिकामा होता आणि गुरुजींचं सगळं लक्ष त्याच्यावर. काकूंनी रीतसर जाळ घातला, झाकणाच्या कडेला पिठाचं लिंपण केलं. नळीच्या तोंडाशी पहिला थेंब आला तसे गुरुजी बादली घेऊन धावले.

"ही बादली कशाला?" थांग साहेबांनी विचारलं.

"पहिलं गाळप ओतून द्यायचंय, साहेब."

पहिल्या धारेची कुणी ओतून देतं, हे कुठल्याच देशात कुणी ऐकलेलं नाही.

"ओतून द्यायचं, असं लिहिलंय कुठं?"

"क्वी तांबटानं सांगितलंय."

"लेखी?"

"तोंडी."

"गुरुजी, नियमात नमुना पहिल्याच उत्पादनाचा लागतो. ते सांडलं तर पुरावा नष्ट केल्यासारखं होईल. भट्टी आत्ता जप्त करावी लागेल, आणि माझ्या हातात तर जेवणाचं ताट आहे."

तेवढ्यात थोरला भाऊ म्हणाला, "काय रे, पहिली धार बाबांना द्यायची सोडून गटारात? घरातल्या कुठल्याही वस्तूचं पहिलं कुणाला असतं, विसरलास?"

हे खरं होतं. आमच्याकडं पहिला भात, पहिलं फळ, पोराचा पहिला पगारसुद्धा आधी फोटोपुढं जातो. गुरुजी मधोमध उभे. ओतावी तर भट्टी जाते. ठेवावी तर बापाच्या पेल्यात तांब्याचा गंज. आणि नमुन्यासाठी लावलेल्या काचेच्या बाटलीत जे जमत होतं, त्याला हलकी हिरवी झाक होती.

गुरुजींनी बादली खाली ठेवली. "दादा, आपले बाबा कधी पहिला पेला प्यायले? आधी पाहुणा, मग मी, म्हणायचे."

बाबा पहिले तीन पेले एकटेच मारायचे, हे भावाला चांगलं ठाऊक होतं. त्यानं तोंड उघडलं. काकूंनी त्यात तळलेली गुंडाळी सारली. "खा हो भाऊजी, गार होतायत."

"तर साहेब, पहिला मान तुमचा," गुरुजी म्हणाले. "पण स्पष्ट सांगतो, पोट बिघडेल. एक नमुना ठेवा, बाकी ओता."

असं ते तीनदा म्हणाले. मी मोजलं आहे.

थांग साहेब हसले. "चांगला माल लपवायचा असला की सगळे असंच सांगतात."

पाचही जणांनी पहिली धार पूर्ण तपासली. एकदा तपासून मत बनेना, म्हणून पुन्हा तपासली. अहवाल तिथंच लिहून पाच सह्या झाल्या. रंग: हिरवट, पाचूसारखा. चव: धातूची, रेंगाळणारी. शेरा: स्थानिक वैशिष्ट्य.

पथक जेवणावर बसलं तेव्हा काकूंनी दुसरा घाणा चढवला. तो पाण्यासारखा नितळ उतरला. गुरुजींनी दोन्ही हातांनी पेला भरून फोटोपुढं ठेवला आणि उदबत्ती संपेपर्यंत तिथून हलले नाहीत. भावानं आपली बाटली हळूच पिशवीत परत टाकली.

दुसऱ्या पहाटे मी भोंग्यावर वाचलं: "कचेरी तीन दिवस बंद राहील. कारण प्रशासकीय." कारणाचा आवाज पाच घरांतून सगळ्या आळीला येत होता.

गुरुजींना वाटलं, आता भट्टी गेली. पण चौथ्या दिवशी परवाना आला. सह्या झालेला अहवाल बदलायचा तर पथकानं ड्यूटीवर किती पेले घेतले, तेही लिहावं लागलं असतं. परवान्याच्या तळाशी एक अट होती: यापुढील प्रत्येक बाटली मंजूर नमुन्याशी जुळणं बंधनकारक. न जुळणारा माल भेसळयुक्त समजून नष्ट केला जाईल.

म्हणजे गुरुजींच्या घरात नितळ, शुद्ध, चांगली दारू उतरत होती आणि ती बेकायदा होती.

"भाताला वासासाठी घालतो ती हिरवी पानं कुटून घाला," काकू म्हणाल्या. "रंग येईल."

"आणि चवीचं काय?"

"चव बघायला पथकातलं कुणी येतंय का, बघा तर खरं."

कुणी आलं नाही. महिन्यातून एकदा लिएन येते, फाटकाबाहेरूनच रंग बघते, शिक्का मारते. नितळ दारूचा एक पेला वर्षातून एकदा, दार लावून, बेकायदा, फोटोपुढं ठेवला जातो.

हिरवी मात्र गाजली. शहरातनं गाड्या येतात. विक्रीला मी मदत करतो, पापक्षालन म्हणा. येणाऱ्या प्रत्येकाला आधी दोन्ही फुकट चाखायला देतो, एक हिरवी शिक्क्याची, एक नितळ बिनशिक्क्याची, तीही दार लावून. नितळ चाखली की डोळे मिटतात, मान डोलते. "ही खरी," असं न चुकता म्हणतात. मग डोळे उघडतात आणि शिक्का शोधतात.

कधी इकडं आलात तर या. तुम्ही त्यातले नाही, हे मला माहीत आहे. सगळेच मला तसं सांगतात, हिरवी पिशवीत घालता घालता.