देवाजी जागेच होते

भूमिकाने तीनदा बजावलं होतं की बाबांच्या डोक्याला तेल लावायचं नाही, आणि प्रेमिलाबाईंनी तीनदा “हाव” म्हटलं होतं. पण मेंदूची तपासणी म्हणजे काय लहानसहान गोष्ट आहे? नवऱ्याला चार लोकांत असं कोरड्या डोक्याने पाठवायचं? सकाळी त्यांनी वाटीभर खोबरेल त्यांच्या टाळूवर थापलं आणि चांगलं दहा मिनिटं जिरवलं.

तसं देवाजींना काही झालं नव्हतं. परीक्षा भूमिकाची होती. मेंदूच्या लहरींचा आलेख काढायचं शिक्षण ती प्रताप नगरला घेत होती, आणि शेवटच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाने घरचा एक धडधाकट माणूस न्यायचा होता. पास झाली तर एक तारखेपासून नोकरी, नाही तर पुन्हा सहा महिने तेच.

हुडकेश्वरच्या घरून निघाल्यावर ऑटोत तिने समजावलं, “बाबा, मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा भाग राह्यते. माणूस डोळे मिटून निवांत पडला, पण जागा असला, की तो अन् वरचा मेंदू मिळून एका ठेक्यात लहरी काढतात. सेकंदाले दहाच्या आसपास. मले त्या दोन मिनिटं पाह्यजे. तुमी जास्त चेतले तर लहर मोडते, डुलकी लागली तरी मोडते.”

“हे तर आमच्या कंट्रोल रूमसारखंच झालं,” देवाजी म्हणाले. तीस वर्षं कोराडीच्या वीजकेंद्रात काढलेला माणूस. “काटा पन्नासवर धरून ठेवायचा, वर नाही अन् खाली नाही. तू टेन्शन नको घेऊ वं.”

शेजारी बसलेल्या प्रेमिलाबाईंना मात्र टेन्शन आलं. तीस वर्षांच्या शिफ्टांनी या माणसाला आणखी एक विद्या शिकवली होती. पाठ टेकली की झोप! कोराडीच्या बसमध्ये तिकीट काढायच्या आत त्यांचा डोळा लागायचा.

परीक्षेच्या खोलीत भूमिकाने डोक्याला पहिली वायर चिकटवली. ती घसरली. दुसरी कानावर आली.

“आई!”

“थोडकंसंच लावलं वं,” दारातून प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

मग देवाजींचं डोकं बेसिनमध्ये घालून हात धुवायच्या साबणाने दोनदा घासलं गेलं. डोकं गार, खोलीत एसी, खाली मऊ गादी. सगळ्या वायरी लागल्या, भूमिका म्हणाली, “डोळे मिटा,” आणि दहाव्या सेकंदाला देवाजी घोरायला लागले. पडद्यावरच्या लहरी मंदावून आडव्या पडल्या.

बाहेरून आलेल्या परीक्षक नीला मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. “यांना जागं ठेवा. वीस मिनिटं उरलीत.”

देवाजी ओशाळले. त्यांनी दात आवळून झोपेशी झुंज मांडली, तर पडदाभर नुसत्या काळ्या रेघोट्या!

“काका, जबडा ढिला सोडा, त्याच्याच रेघा उमटताहेत,” नीला मॅडम म्हणाल्या.

जबडा सुटला, पण लहर काही येईना. “बाबा, काय करून राहिले?”

“सतराचा पाढा म्हणून राहिलो ना मनात. झोप नाही आली पाह्यजे.”

“पाढे नका म्हणू, त्यानंही मोडते!”

पाढा थांबला. घोरणं सुरू झालं.

शेवटी प्रेमिलाबाईंना आत बोलावलं. त्या तावातावानेच आल्या. “अवो! पोरीचं नुकसान काहून करून राहिले?”

देवाजी असे दचकून उठले की दोन वायरी निघून हातात आल्या.

“बाई, एवढं नको,” नीला मॅडम म्हणाल्या. “जरासंच जागं ठेवायचंय. सात मिनिटं राहिलीत.”

वायरी पुन्हा लावताना भूमिकाचे डोळे भरून आले होते. प्रेमिलाबाईंनी ते पाहिलं. तेलापासून सगळा घोळ त्यांनीच तर घातला होता! जरासंच म्हणजे किती? आणि एकदम त्यांना दुपार आठवली. जेवण झालं की देवाजी दिवाणावर डोळे मिटून पडायचे आणि मेथी निवडत त्या बोलत बसायच्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि तोच सूर लावला.

“सैपाकघरातला नळ दसऱ्यापासून गळून राहिला. गोपिकाच्या घरी वास्तू हाय, आहेराचं पाहा लागते. गाद्या उन्हात टाकाच्या हायत...”

“हूं,” देवाजींच्या नाकातून आलं.

पडद्यावर लहरी उमटल्या. एकीमागे एक, गोलसर, अगदी शिस्तीत.

“बोलत राहा, थांबू नका!” नीला मॅडम कुजबुजल्या. प्रेमिलाबाईंना असं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. त्या टाकीच्या झाकणावर गेल्या, नणंदेने नेलेल्या कुकरवर आल्या. दोन मिनिटं कधीच उलटली. भूमिकाने डोळे उघडायला सांगितलं, लहर गेली. मिटायला सांगितलं, परत आली!

“सुंदर!” मॅडम म्हणाल्या. “फक्त जागे होते याची खात्री हवी. काका, बाई काय बोलल्या?”

“नळ दसऱ्यापासून गळून राहिला,” देवाजींनी ऐटीत सुरू केलं. “गोपिकाची वास्तू, गाद्या, टाकीचं झाकण, अन् माह्या बहिणीकडून कुकर आणाचा हाय. एक शब्द नाही सुटला!”

“पैकीच्या पैकी,” मॅडमनी लिहिलं.

भूमिकाने आईला कडकडून मिठी मारली. “आई, तुह्यामुळं पास झाली मी!” लेकीच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता प्रेमिलाबाई थबकल्या, आणि सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

“म्हणजे डोळे मिटून पडले तरी तुमाले सगळं ऐकू येते? अन् मले म्हणता, झोप लागली होती, काय म्हणत होती तू?”

देवाजींनी हळूच डोळे मिटले, मान कलती केली आणि एक बारीकसं घोरणंही काढलं.

वायरी अजून त्यांच्या डोक्यालाच होत्या. भूमिकाने पडद्याकडे पाहिलं. लहरीचा पत्ता नव्हता, नुसत्या बारीक, घाईघाईच्या रेघा धावत होत्या.

“आई,” ती म्हणाली, “बाबा टक्क जागे हायत.”