कपाट मुके झाले त्याची हकीकत

श्री. लेखणी सरळ चालो, शाई न सांडो, आणि हे वाचून होईतो वाचणाराचा मोबाइल न वाजो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ शुद्ध अष्टमी, बुधवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी कपाट बोलले नाही. रोज त्या समयी बोलत असे. नारोपंत कुरतडकर, राज्याचे जुने दप्तर राखणारे, वय सत्तावन्न, डबा खाऊन, हात धुऊन, सरकारी टेलिफोनापाशी उभे राहिले आणि आपल्याच मोबाइलाचा नंबर फिरवून कान कपाटाकडे लावून होते. टेलिफोनात घंटा जात होती, मग पुन्हा गेली, मग पुन्हा, आणि कपाट गप्प. नारोपंतांनी रिसीव्हर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा नंबर फिरवला, आणि कपाट गप्पच. तेव्हा ते जुन्या टाइपरायटरच्या खोक्यावर बसले आणि सर्व राज्यास कळले की घात जाहला.

हे राज्य कोणते ते लिहीत नाही. मजले तीन, पंखे एकोणीस, पैकी फिरणारे अकरा, आणि रयत अर्ज घेऊन जिन्यापर्यंत उभी. पूर्वी या राज्यात मोबाइलाचे बंड फार माजले होते. कोणी सरदार रयतेचा अर्ज एका हाती धरून दुसऱ्या हाती मेव्हण्याच्या साखरपुड्याचे फोटो पाहत, आणि कोणी घरी फोन लावून कुकरच्या शिट्ट्या मोजून घेत, आणि कोणी म्हैस आंघोळ करते त्याचा व्हिडिओ आवाज मोठा करून पाहत, आणि मग रयतही वाकून तीच म्हैस पाहत असे, आणि म्हैस बाहेर निघेतो अर्ज कोणी मागत नसे व कोणी देत नसे. ऐसे चालले असता मार्गशीर्षात नवे साहेब रणदिवे सरकार गादीवर आले. स्वभाव कडक, शर्टाची इस्त्री त्याहून कडक. त्यांनी एक दिवस म्हैस पाहिली आणि दुसरे दिवशी फर्मान काढले की सकाळी दहा वाजता प्रत्येकाने आपला मोबाइल लोखंडी कपाटात जमा करावा, पावणेसहास घेऊन जावा, मध्ये हात लावील त्याची गय होणार नाही. कपाटाची किल्ली मुरादभाई मुजावर शिपाई यांजकडे दिली. मोबाइल एकमेकांत मिसळू नयेत म्हणोन प्रत्येकाने तो लिफाफ्यात घालून वर नाव लिहावे, ऐसे ठरले. आता या राज्याची जुनी रीत अशी की नवा लिफाफा कोणास द्यायचा नाही, बाहेर जाऊन परत आलेलाच पुन्हा वापरायचा. म्हणोन सर्व मोबाइल वापरलेल्या खाकी लिफाफ्यांत गेले, आणि लिफाफ्यांवर जुने पत्ते तसेच राहिले. इथेच पुढच्या अनर्थाचे मूळ आहे.

नारोपंतांचे कुटुंब प्रमिलाबाई गेल्या आषाढात वारल्या. त्या असता नारोपंत मोबाइल डब्याच्या पिशवीत ठेवून विसरत आणि बाई घरून फोन करून थकत. एक दिवस बाईंनी तो बटनांचा मोबाइल हाती घेतला आणि घंटेच्या जागी आपलाच आवाज भरला. मोबाइल वाजला की बाई बोलत: "अहो, फोन वाजतोय. ऐकू येतंय का? की कानात बोळे घातलेत? उचला आधी. आणि येताना—" इतके होताच जागा संपली आणि आवाज तुटला. येताना काय, ते आत गेलेच नाही. नारोपंत तेव्हा हसले आणि विचारायचे राहिले, मग विचारू म्हणाले, मग बाई आजारी पडल्या, मग विचारणे सुचले नाही. आता ते रोज घरी जाताना काही तरी नेत, एक दिवस कोथिंबीर, एक दिवस काडेपेटी, एक दिवस नारळ, आणि घरात खोबरे खवायच्या विळ्या तीन जाहल्या. आणि दुपारी सरकारी टेलिफोनावरून आपलाच नंबर फिरवून कपाटातून बाईंना ऐकत. सर्व राज्य हे जाणून होते आणि त्या वेळेस कोणी टेलिफोन अडवीत नसे. पहिल्या दिवशी कपाटातून "ऐकू येतंय का?" म्हणोन आवाज आला, तो रणदिवे सरकार खुर्चीतून उठून "हो, येतंय," म्हणाले होते. पुढे त्यांनी ते नाकारले. परंतु साक्षीदार नऊ आहेत.

असो. बुधवारी कपाट मुके जाहले तेव्हा मुरादभाईंनी कुलूप काढले, लिफाफे मोजले, एक कमी. मग मुरादभाईंनी कपाळास हात लावला आणि बोलले, "पंत, सकाळी कपाटाचं दार लागेना. बिजागरीला तेल घालायला घेतलं, तेव्हा वरचा एक जाड लिफाफा तानूबाईंच्या टेबलावर ठेवला होता. घटकाभरच हो!" हे ऐकताच सर्व जण त्या टेबलाकडे धावले, कारण तानूबाई शेलार या जावक विभागाच्या सरदार, चाकरी एकतीस वर्षे, आणि टेबलावर लिफाफा दिसला की शिक्का मारून रवाना करायचा हा त्यांचा बाणा. त्यांनी वही उघडली आणि बोट ठेवले. "चारशे बारा. साडेअकराच्या टपालाने वरच्या ऑफिसला गेला. विषय, जड." नारोपंत म्हणाले, "अहो तानूबाई, वर पेन्सिलीनं माझं नाव होतं!" "पेन्सिल मी वाचत नाही, पंत. पत्ता शाईचा होता. आणि डिंकानं चिकटवलाय कुणी? बाकी सगळ्यांचे उघडे होते." नारोपंत खाली पाहू लागले. जन्मभर दप्तर राखले, उघडा लिफाफा त्यांस बघवत नसे. "मग उघडून तरी बघायचं!" मुरादभाई बोलले. "उघडणं आवकचं काम," तानूबाई म्हणाल्या, "मी जावक." आणि मग पदर तोंडास लावून रडू लागल्या, कारण प्रमिलाबाई दर संक्रांतीस त्यांच्या हाती हलवा देत असत.

गुरुवारी सकाळी वरच्या ऑफिसाच्या, म्हणजे वरच्या राज्याच्या टेलिफोनावर स्वारी केली. तेथील भांडारपाल बळवंतराव चौगुले यांनी फोन घेतला. नारोपंत म्हणाले, "साहेब, आमच्याकडून काल चुकून एक मोबाइल आलाय." "आलाय," चौगुले म्हणाले, "सारखा वाजतोय. एक बाई आम्हांला बहिरे म्हणतात." "मग उचलला का नाहीत?" "आमच्याकडे कामाच्या वेळेत खासगी मोबाइल उचलायला मनाई आहे. आणि सोबत पत्र नाही. पत्राशिवाय आलेली वस्तू निरुपयोगी सामानाच्या पेटीत जाते. उद्या चारला भंगारवाल्याची लॉरी येणार." "अहो, बाजूला काढून ठेवा ना!" "साहेबांच्या सहीचं पत्र द्या, काढतो. शब्दावर काढला तर माझी चौकशी लागेल, पंत. माझी मुलगी लग्नाची आहे." ऐसे बोलून, बिचारे वाईट माणूस नव्हेत, त्यांनी हळूच सांगितले, "बॅटरीच्या दोन रेघा राहिल्यात. बंद पडला तर पेट्या आठ आहेत, कुठल्या पेटीत गेला ते मलाही सांगता येणार नाही. म्हणून थोडा कमी वाजवा."

पत्र टपालाने जाऊन तेथील आवकच्या वहीत चढावयाचे तर सोमवार उजाडता. मग नारोपंत रणदिवे सरकारांपुढे उभे राहिले. सरकारांचे मन द्विधा जाहले. "म्हणजे माझ्या हुकमामुळं कर्मचाऱ्याचा मोबाइल टपालात गेला, असं मी सही करून लिहून देऊ? वरचे लोक काय म्हणतील?" नारोपंतांस सजवून बोलता येत नसे. ते म्हणाले, "साहेब, तिचे फोटो पुष्कळ आहेत. साड्या आहेत. आवाज एवढाच आहे." सरकार बंद पंख्याकडे बघत राहिले. "विचार करतो," म्हणाले. गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळ गेली. दुपारी एक वाजून वीस मिनिटे जाहली आणि नारोपंत टेलिफोनापाशी उभे राहिले, परंतु रेघा संपतील म्हणोन नंबर फिरवला नाही, नुसते उभे राहिले. सर्व राज्य डबे उघडे टाकून त्यांजकडे पाहत होते, आणि रयतही पाहत होती, आणि सरकारांनी दाराच्या फटीतून पाहिले. मग दार उघडले. "मुरादभाई, गाडी काढा. तानूबाई, पत्र टाइप करा, आणि शिक्का घेऊन तुम्हीही बसा. क्रमांक गाडीतच घाला."

मग जीप कूच जाहली. पुढे गाडी हाकणारे मुरादभाई आणि सरकार, मागे नारोपंत आणि वही मांडीवर घेऊन तानूबाई. वाट साठ किलोमीटर, मध्ये उसाच्या गाड्या, मध्ये एक वरात, आणि वरातीतले नाचे जीपपुढून हलेनात. तानूबाई खाली उतरून "अहो, सरकारी टपाल आहे!" म्हणोन गरजल्या, तेव्हा वाट मिळाली. वरच्या राज्याच्या दारी पोचले तो चार वाजून दहा मिनिटे, लॉरीत आठही पेट्या चढलेल्या, आणि लॉरीवाला इंजिन चालू करून बसलेला. सरकारांनी लॉरीपुढे उभे राहून हात आडवा केला. चौगुल्यांनी पत्र वाचले, सही पाहिली, क्रमांक पाहिला, म्हणाले, "पत्र बरोबर आहे. पण कुठली पेटी?" नारोपंत म्हणाले, "नंबर फिरवला की कळेल." मग सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. वरच्या राज्याचे मोबाइल वरच्या कपाटात, खालच्या राज्याचे खालच्या कपाटात, टेलिफोन दुसऱ्या मजल्यावर, आणि लॉरीवाल्याचा मोबाइल त्याच्या बायकोने काढून घेतलेला. तेव्हा रणदिवे सरकार गाडीआड गेले, वाकले, पायमोजा खाली केला आणि आतून एक मोबाइल काढला. तानूबाईंनी तोंड उघडले. सरकार म्हणाले, "काही बोलू नका." तानूबाई म्हणाल्या, "मी कुठं बोलतेय? मी जावक."

नंबर फिरवला. एक क्षण काही नाही, आणि नारोपंतांनी लॉरीची फळी घट्ट धरली. मग पाचव्या पेटीतून, मोडक्या पंख्यांच्या खालून, "अहो, फोन वाजतोय. ऐकू येतंय का?" नारोपंत म्हणाले, "येतंय." हमालांनी पंखे उपसले आणि मोबाइल नारोपंतांच्या हाती दिला, तरी त्यांनी तो उचलला नाही, वाजू दिला. "की कानात बोळे घातलेत? उचला आधी. आणि येताना—" आणि रेघ संपली आणि मोबाइल विझला. लॉरीवाल्याने मान बाहेर काढून विचारले, "येताना काय?" नारोपंत म्हणाले, "ते माहीत नाही." मग लॉरीवाला म्हणाला, "दही असंल. आमची तेच सांगती." चौगुले म्हणाले, "नाही हो, चक्कीवरचं पीठ." ऐसा वाद तेथे बराच चालला. परतताना सरकारांनी बाजारात जीप थांबवून मागे पाहिले आणि विचारले, "नारोपंत, येताना काही घ्यायचंय का?" नारोपंतांनी दही घेतले, आणि पीठही घेतले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सोमवारी नवे फर्मान निघाले की लिफाफ्यावर जुना पत्ता असल्यास खोडावा, आणि नारोपंतांचा मोबाइल दप्तरखान्यात त्यांच्या टेबलावर राहावा. पायमोज्याचा उल्लेख फर्मानात नाही. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी बाई पूर्ववत बोलतात आणि रयतही ऐकते. कपाटाच्या बिजागरीस तेल घालणे अर्धे राहिले आहे. चारशे बाराची पोच वरून यावयाची आहे. येताना काय आणायचे होते ते कळले नाही, आणि ते आणणे राहिले आहे.