सिंहाचा फाटका कान

एका जंगलात, पोरांनो, एक सिंह राज्य करायचा. जंगल कुठलं ते विचारू नका. वर्णन ऐकलं की जो तो म्हणतो, "हे तर आमचंच!"

सिंहाचा डावा कान फाटका होता. गव्याशी झुंजताना फाटला, असं तो सांगायचा. तेव्हा सिंहीण तोंड फिरवून हसायची.

एकदा सिंहाच्या मनात आलं, सगळ्या प्रजेनं आपल्या तोंडाचा छाप उठवलेला चामडी पट्टा कमरेला बांधावा. "चामडं कुणाचं?" एका हरणानं विचारलं. मग तोही प्रश्न सुटला.

छापाचे ठसे आजवर खवल्या आबा कोरायचे. जातीनं खवल्या मांजर, हातात छिन्नी. पितळेवर चित्र उलटं कोरलं, तरच चामड्यावर सुलटं उठतं. म्हणून आबा घडीघडीला ठसा तळ्यावर नेऊन पाण्यात बघायचे. एका ठशाला तीन महिने.

"मी दोन दिवसांत देतो," गुणाजी मुंगूस म्हणाला. त्यानं हौसेनं घरी सीएनसी मशीन आणलं होतं. काँप्युटरला चित्र द्यायचं, मशीन आपलं आपण कोरतं. आजवर त्यानं फक्त बायकोचा पोळपाट कोरला होता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पोळीवर मोर उठायचा.

"चुकलं, तर पुढचा पट्टा तुझ्या कातड्याचा," सिंह म्हणाला.

मशीन दोन दिवस किरकिरलं. कोरायची चार टोकं मोडली.

"अहो, चित्र उलटं करून दिलंत ना?" मुंगसीणबाईंनी विचारलं.

"तू पोळ्या लाट. मशीनला सगळं कळतं."

मशीनला काही कळत नव्हतं. पट्ट्यावर सिंहाचा उजवा कान फाटका उठला.

भर दरबारात आबांनी पट्टा बघितला आणि पोट धरून हसले. "गुन्या, लेका, उलटं कोरायचं विसरलास की! महाराज, ह्यानं तुमचा कान बदलला. पटत नसेल तर तळ्यात तोंड बघून या."

गुणाजीनं आपल्या अंगावरून एकदा हात फिरवला. बरं होतं बिचारं कातडं.

सिंह पट्टा घेऊन तळ्यावर गेला. मागोमाग सगळा दरबार. सिंह वाकला. पट्टा बघितला, पाणी बघितलं. पाण्यातल्या सिंहाचा कान ज्या अंगाला फाटका, पट्ट्यातल्या सिंहाचाही त्याच अंगाला!

"हा मी!" सिंह गरजला. "हुबेहूब! आबा, तुझ्या ठशात मला जन्मभर कुणीतरी परकाच दिसत आला."

"महाराज, पाण्यात सगळं उलटं दिसतं..."

"म्हणजे मी उलटा?"

 खवल्यांचा पट्टा होत नाही, म्हणून आबा बचावले. हल्ली ते गुणाजीच्या मशीनखालचा पितळेचा चुरा झाडतात.

आणि गुणाजी मोराची पोळी मोडत बायकोला म्हणतो, "बघ, म्हटलं नव्हतं? मशीनला सगळं कळतं."

तात्पर्य: चुकायला घाबरू नये. फक्त मालक ज्या तळ्यात तोंड बघतो, त्या तळ्यासारखं चुकावं.